श्वासातला कार्बन येतो कुठून?



आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. उत्तर शोधायला लगेच खाली जाऊ नका, जरा थांबा.

आपण श्वास घेतो तेव्हा ऑक्सिजन आत जातो आणि उच्छ्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. हे वाक्य पाचवीच्या कोणत्याही मुलाला पाठ असतं. पण नीट बघा. आत गेला ऑक्सिजन. बाहेर येताना त्याच्यासोबत कार्बन आहे. मग हा कार्बन आला कुठून?

खरं सांगते, डी.एड.ला असताना हे वाक्य मी पेपरात लिहून पूर्ण गुण घेतले. नोकरी लागल्यावर कितीतरी वर्षं तेच फळ्यावर लिहून दिलं. पण हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नाही. तो पडायला एक पोरगा कारण झाला. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

उत्तर अगदी साधं आहे. तो कार्बन आपल्या जेवणातून येतो. काल रात्री खाल्लेली भाकर, वरण, भाजी यांतला कार्बन आज आपल्या नाकातून बाहेर पडतो आहे. आणि जो बाहेर पडला नाही, तो आपलं शरीर होऊन बसला आहे.

माझं मत असं आहे की प्राथमिक शाळेत आपण अन्नाचा धडा अर्धाच शिकवतो. ‘अन्नापासून शक्ती मिळते’ एवढं सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. अन्नातला माल शरीरात जातो कुठे, त्याचं होतं काय आणि तो परत कुठून निघतो, हा दुसरा अर्धा भाग राहूनच जातो. तो राहिल्यामुळे नुसते गुण जात नाहीत. आपल्यासमोर बसलेलं उपाशी पोर आपल्याला ओळखू येत नाही.

करपलेल्या भाकरीपासून सुरुवात

मी हिंगणीत राहते. सेलू तालुका, वर्धा जिल्हा. बोर धरण आणि बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल जवळच. शेतात कापूस, सोयाबीन, तूर. इथल्या मुलांना कार्बन शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही, चूल पुरते.

वर्गात मी विचारलं, “भाकर तव्यावर विसरली तर काय होते?”

सगळे ओरडले, “करपते! काळी होते!”

“दूध उतू जाऊन जळलं तर?” काळं. “साखर?” काळी. “शेंगदाणा?” काळा. “अंडं? मटण? पऱ्हाटी? केस?” सगळं काळं. मग विचारलं, “आणि मीठ?” आता वर्ग गप्प. दुसऱ्या दिवशी दोघीतिघी घरी आईसमोर तव्यावर मीठ तापवून आल्या. मीठ तडतडलं, पण काळं काही झालं नाही.

हा काळा रंग म्हणजे मुख्यतः कार्बन. जे जे कधीतरी जिवंत होतं किंवा जिवंत शरीरातून आलं, ते करपलं की काळं होतं. मीठ कधी जिवंत नव्हतं. एवढं मुलांना दिसलं की ‘कार्बन’ हा शब्द परका राहत नाही. ‘कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ’ ही यादी आपण पाठ करून घेतो, पण कर्बोदके या शब्दात ‘कर्ब’ आणि ‘उदक’ दोन्ही बसलेले आहेत, हे किती मुलांना सांगतो? कर्ब म्हणजे कार्बन, उदक म्हणजे पाणी. शब्द फोडून दाखवला की निम्मा धडा तिथेच होतो.

माणसाच्या वजनात कार्बन साधारण १८ टक्के असतो. चौथीतलं २५ किलोचं पोर घेतलं तर त्याच्यात साडेचार किलोच्या आसपास कार्बन. हा सगळा त्याने कधी ना कधी खाल्लेला किंवा प्यालेला आहे, आणि जन्माच्या आधीचा त्याच्या आईने खाल्लेला. हवेतला कार्बन घेऊन शरीर बांधणं आपल्याला जमत नाही. कोणत्याच प्राण्याला जमत नाही. ते काम वनस्पती करतात. हवेत दहा हजार भागांत जेमतेम चार भाग कार्बन डायऑक्साइड. एवढ्याशा वायूतून कार्बन ओढून, पाणी आणि ऊन वापरून पान साखर बनवतं. त्या साखरेतून पुढे स्टार्च, तेल, लाकूड, कापूस. आपण सगळे त्या पानाच्या कमाईवर जगतो.

गोठ्यातून जंगलाकडे

हिंगणीच्या मुलांना गाय नवीन नाही. गवळाऊ ही आपल्या वर्धा जिल्ह्याचीच जात. एकदा एका मुलीने विचारलं, “मॅडम, गाय हिरवं गवत खाते, मंग दूध पांढरं काहून?”

या प्रश्नाला हसू नका. त्यात सगळं पचन आहे. मी तिला सांगितलं, समजा गावातलं जुनं घर पाडलं आणि त्याच विटांनी नवं घर बांधलं. नवं घर जुन्यासारखं दिसेल का? नाही. पण विटा त्याच. शरीर तेच करतं. अन्न आधी मोडतं, बारीक करतं आणि त्या तुकड्यांतून स्वतःला हवं ते बांधतं. गवताचा हिरवेपणा दुधात येत नाही, पण गवतातला कार्बन येतो. दुधाच्या साखरेत येतो, लोण्यात येतो, वासराच्या हाडामांसात येतो.

गायीचं कौतुक याहून मोठं आहे. कुटार आणि कडबा आपण खाल्ला तर त्यातून काही मिळणार नाही, कारण त्यातलं सेल्युलोज आपल्याला पचत नाही. गायीला एकटीलाही ते पचत नाही! तिच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी सगळ्यात मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात, ते तिच्यासाठी हे काम करतात. ते कुटार आंबवतात, त्यातून तयार होणारी आम्लं गायीच्या रक्तात जातात आणि तिची बहुतेक ऊर्जा त्यांतून येते. रवंथ करत बसलेली गाय आपल्याला निवांत दिसते. तिच्या पोटात मात्र कारखाना चालू असतो.

मग गाडी आपोआप जंगलाकडे वळते. “वाघ तर गवत खात नाही. मग वाघाच्या अंगातला कार्बन कुठला?” मुलं लगेच सांगतात, चितळाचा. आणि चितळाचा? गवताचा. म्हणजे वाघसुद्धा गवताचाच बनलेला. हे ऐकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ना, ते अन्नसाखळीचे बाण पाठ करून कधीच येत नाही.

इथे एक हिशेबही घालता येतो. चितळ जेवढं खातं ते सगळं त्याचं मांस होत नाही. बराचसा भाग पळण्यात, अंग गरम ठेवण्यात, श्वास घेण्यात खर्च होतो, काही शेणालेंडीतून जातो. ढोबळमानाने एका पायरीवरच्या ऊर्जेचा दहावा भागच वरच्या पायरीवर पोहोचतो. गवतात हजार रुपये असतील तर चितळात शंभर आणि वाघात दहा. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण ५० जनावरं लागतात. म्हणून बोरच्या १३८ चौरस किलोमीटर जंगलात चितळं पुष्कळ आणि वाघ मोजके. ‘वाघ कमी का?’ याचं उत्तर शिकारीत आहेच, पण आधी या हिशेबात आहे.

चूल बाहेरची आणि आतली

आता ऊर्जेकडे येऊ. चुलीत पऱ्हाटी घातली की काय होतं? पऱ्हाटीतल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन मिळतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, उष्णता आणि उजेड मिळतो. शरीरात भाकरीचंही अखेर हेच होतं. फरक एवढा की चुलीत सगळं एकदम भडकतं, आणि पेशीत तेच काम अनेक छोट्या पायऱ्यांनी, ज्वाळेशिवाय होतं. सुटणारी ऊर्जा शरीर टप्प्याटप्प्याने साठवून वापरतं.

ही तुलना माझी नाही. फ्रान्समध्ये १७८२-८३ च्या हिवाळ्यात लव्हॉझिए आणि लाप्लास या दोघांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळला ते मोजलं. मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळला तर किती बर्फ वितळतो ते मोजलं. दोन्ही आकडे बरेच जवळ आले. श्वसन म्हणजे एक प्रकारचं सावकाश जळणं आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढे तपशील पुष्कळ सुधारले, पण गाभा टिकला.

आपल्या वर्गात हे दाखवायला पानठेल्यावरचा चुना पुरतो. अर्धा चमचा चुना बाटलीभर पाण्यात हलवून रात्रभर ठेवा. सकाळी वरची स्वच्छ निवळी दोन ग्लासांत घ्या. एका ग्लासात मुलाने नळीने हळूहळू फुंकायचं, दुसऱ्यात सायकलच्या पंपाने साधी हवा सोडायची. फुंकलेली निवळी थोड्याच वेळात दुधाळ होते, पंपाची बराच वेळ तशीच राहते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के, आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के. जवळपास शंभर पट. (निवळी डोळ्यांत किंवा तोंडात जाता कामा नये. नळी ओढायची नाही, फक्त फुंकायची, आणि शिक्षकाने जवळ उभं राहायचं.)

मोठा माणूस दिवसाला साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. त्यातला कार्बन तेवढा वेगळा काढला तर पाव किलोपेक्षा थोडा जास्त भरेल. आमच्या स्टाफरूममध्ये मी एकदा विचारलं, “वजन कमी होतं तेव्हा चरबी जाते कुठे?” कोणी म्हणालं घामातून, कोणी म्हणालं शौचावाटे, कोणी म्हणालं ‘तिची शक्ती होते’. खरं तर १० किलो चरबी शरीरात पूर्ण वापरली गेली तर तिच्यातला साधारण ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जातो, उरलेला १.६ किलो पाणी होतो. ऊर्जा सुटते, पण पदार्थ नाहीसा होत नाही. आम्ही सगळे शिक्षक, आणि आमच्यापैकी कोणालाच हे चटकन सांगता आलं नाही. दोष कोणाला देणार? आपल्यालाही अर्धाच धडा मिळाला होता.

तो पोरगा

आता त्या पोराबद्दल. चौथीत होता. पेरणीचे दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला तो बाकावर डोकं टेकायचा. गणित सांगितलं की बघत राहायचा. मी त्याला दोनदा रागावले. एकदा तर सगळ्यांसमोर ‘आळशी’ म्हणाले. तो शब्द आजही मला टोचतो.

चुन्याच्या निवळीचा प्रयोग झाला त्या दिवशी त्याने फुंकलं. निवळी दुधाळ झाली. मी म्हटलं, “बघा, हा जेवणातला कार्बन.” तो तसाच ग्लासाकडे बघत म्हणाला,

“मॅडम, मी त सकाळपासून काहीच नाई खाल्लं. कालबी लवकरच झोपलो होतो. तरी निघूनच राह्यलं न? मंग हे कुठून येते?”

वर्गासाठी तो एक चांगला प्रश्न होता. मला मात्र बोलायला शब्द सुचेनात.

कारण उत्तर मला माहीत होतं. जेवण मिळालं नाही म्हणून श्वास थांबत नाही. शरीराला ऊर्जा हवीच असते. ते आधी यकृतात साठवलेली साखर काढतं. लहान मुलांत हा साठा छोटा, रात्रभराच्या उपासात तो बराच उतरतो. मग चरबी वापरतं. उपास लांबला, रोजचा झाला, तर स्नायूंतली प्रथिनंही मोडतं. म्हणजे त्या ग्लासात उतरला होता तो त्याच्या भाकरीतला कार्बन नव्हता. त्याच्या स्वतःच्या अंगातला होता. उपाशी पोर स्वतःलाच जाळून आपल्यासमोर बसलेलं असतं.

आणि सगळ्यात जास्त मागणी कोणाची? मेंदूची. मोठ्या माणसाच्या वजनात मेंदू जेमतेम २ टक्के, पण बसल्या जागी लागणाऱ्या ऊर्जेतली साधारण २० टक्के तो घेतो. लहान मुलांत हा वाटा आणखी मोठा असतो. शिवाय मेंदूला चरबी थेट वापरता येत नाही, त्याला मुख्यतः साखरच लागते. मग गणिताच्या तासाला ते पोर डोकं टेकणार नाही तर काय करणार? मी ज्याला आळस म्हणत होते, तो त्याच्या शरीराचा काटकसरीचा कारभार होता.

घरी जाऊन विचारलं तेव्हा कळलं. आईवडील उजाडायच्या आत पेरणीला जायचे. पोरगा काळा चहा घेऊन शाळेत यायचा. घरात धान्य होतं, वाढायला माणूस नव्हता. आजी म्हणाली, “म्या त म्हणते, शाळेत खिचडी हाये न!”

खिचडी आहे, आणि ती मोठी गोष्ट आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला शालेय पोषण आहारातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे, त्यासाठी रोज १०० ग्रॅम तांदूळ. पण सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण १७०० किलोकॅलरी. म्हणजे खिचडी हा साधारण पाव हिस्सा झाला. आणि तो दुपारी मिळतो. सकाळचे तास तोपर्यंत होऊन गेलेले असतात. आपण भाषा, गणित नेमके तेव्हाच घेतो!

“एवढं प्राथमिकला कशाला?”

माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला माहीत आहे. “मॅडम, हे हायस्कूलचं आहे. आपल्याकडे आधीच वाचन-लेखनाचे वांधे, त्यात कार्बन कुठे घालता?”

आक्षेप चुकीचा नाही. समीकरणं, पेशी, एन्झाइम हे पुढच्या वर्गांसाठी राहू द्या. मी मागते आहे ते चार प्रश्न: हे कशाचं बनलं आहे? ते आलं कुठून? खाल्ल्यावर गेलं कुठे? खाल्लं नाही तर काय होतं? याला जास्तीचे तास लागत नाहीत. परिसर अभ्यासात अन्नाचे पाठ आहेतच, तिथेच हे बसतं. आणि करपलेल्या भाकरीवर मुलं जेवढी बोलतात आणि लिहितात, तेवढी ‘माझा आवडता सण’ या निबंधात लिहीत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आपण तर वर्ध्याचे. १९३७ साली ऑक्टोबर महिन्यात याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची योजना देशासमोर आली. हाताच्या कामातून, आजूबाजूच्या जगण्यातून विषय शिकवायचे, ही त्यातली मुख्य कल्पना. गोठा, चूल, शेत आणि जंगल शाळेच्या कुंपणाबाहेरच असताना आपण अन्नाचा धडा फक्त पुस्तकातून शिकवावा, हे निदान आपल्याला तरी शोभत नाही.

पालकांना दोन गोष्टी

एक. मुलाला शाळेत पाठवताना पोटात काहीतरी घन जाऊ द्या. रात्रीची पोळी, भाकर-चटणी, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, भिजवलेला चना, काहीही चालेल. चहा म्हणजे नाश्ता नव्हे.

दोन. पाच रुपयांचं पाकीट म्हणजे जेवण नव्हे. त्यात ऊर्जा असते, कार्बनही असतो, ते मी नाकारत नाही. पण घर बांधायला नुसत्या विटा पुरत नाहीत, लोखंड-सिमेंटही लागतं. वाढत्या मुलाला प्रथिनं हवीत, त्यांतला नायट्रोजन हवा, लोह हवं, कॅल्शियम हवं. ते तुरीच्या वरणात आहे, दुधात आहे, अंड्यात आहे, पालेभाजीत आहे. तूर आपल्या शेतात होते आणि पोरगं पाकिटावर शाळेत येतं, हे गणित जुळत नाही.

आमच्या वर्गाच्या कपाटात आता फुटाण्यांचा आणि गुळाचा डबा असतो. मूठभर मी आणते, मूठभर कधी कोणाची आई पाठवते. परिपाठानंतर ज्याला हवं त्याने घ्यायचं. ‘कोण उपाशी आहे, हात वर करा’ असं मी विचारत नाही. भूक सगळ्यांसमोर कबूल करायला लावणं हीसुद्धा एक शिक्षाच. सगळेच एकेक चिमूट घेतात, म्हणून ज्याला खरंच हवं असतं त्याला लाज वाटत नाही. यातून फार मोठं काही बदललं असा माझा दावा नाही. पण तो पोरगा आता गणिताच्या तासाला जागा असतो, आणि चुकतो तेव्हा निदान जागेपणी चुकतो.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला दुसऱ्या दिवशी दिलं. डब्यातले फुटाणे त्याच्या हातावर ठेवले आणि म्हटलं, “काल तुझ्या श्वासातला कार्बन तुझ्याच अंगातला होता. आज याचा निघू दे.”

उद्या वर्गात गेल्यावर तुम्हीही एकदा विचारून बघा, श्वासातला कार्बन येतो कुठून. आणि एखादं पोर म्हणालं की मी तर काहीच खाल्लं नाही, तर धडा तिथेच थांबवा आणि आधी त्याला खायला द्या. तुमचे अनुभव जरूर कळवा.